गैरहजर वेगळा, शून्य गुणवाला वेगळा

भाड्याच्या घरांची यादी दाखवणारं एक छोटं पान मी बऱ्याच वर्षांपूर्वी पीएचपीत लिहिलं होतं. भाग निवडा, खोल्या निवडा, मजला निवडा, शोधा, एवढंच काम. पान सुरू होऊन आठवडा झाला नसेल, तोच एका आजींचा फोन आला. "अहो, गुडघे दुखतात म्हणून तळमजला मागितला, तर तुमचं यंत्र मला सातव्या मजल्यावरची घरं दाखवतंय!"

बघितलं तर खरंच होतं. तळमजला निवडला की पत्त्यात 'मजला=०' जात होतं आणि माझ्या कोडमध्ये लिहिलं होतं, 'मजला रिकामा नसेल तरच मजल्याची अट लाव'. रिकामं आहे का हे विचारायला मी पीएचपीचं 'एम्प्टी' वापरलं होतं. या एम्प्टीच्या लेखी कोरी अक्षरमाळ रिकामी, न आलेलं पॅरामीटर रिकामं आणि '०' ही अक्षरमाळसुद्धा रिकामीच. म्हणजे तळमजला मागणाऱ्याची अटच गळून पडत होती आणि त्याच्यासमोर गावातली सगळी घरं येत होती. एक ते सात मजले मी तपासले होते, काही न निवडताही तपासलं होतं. शून्य तपासायचं मात्र सुचलं नव्हतं.

शाळेतले गुरुजी ही चूक करत नाहीत. परीक्षेला न आलेल्या मुलाच्या नावापुढे ते 'गैरहजर' लिहितात. कोरा पेपर देऊन आलेल्याला शून्य देतात, आणि पानंच्या पानं लिहून सगळं चुकलेल्यालाही शून्यच देतात, पण त्या दोघांचे पेपर त्यांच्या कपाटात वेगवेगळे दिसतात. वेबच्या पत्त्यातल्या पॅरामीटरचंही तसंच आहे. न आलेलं, कोरं आलेलं आणि शून्य घेऊन आलेलं, ही तीन निराळी उत्तरं आहेत. त्यांचा अर्थ काय लावायचा, हे तुम्ही ठरवलं नाही तर तुमची भाषा किंवा चौकट (फ्रेमवर्क) परस्पर ठरवते, आणि दुसरी चौकट नेमकं उलटं ठरवते.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. उदाहरणांतली नावं आणि आकडे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत दिले आहेत. पत्त्यात प्रत्यक्ष जातात ते इंग्रजी आकडे, असं समजा. खऱ्याखुऱ्या देवनागरी आकड्यांची गंमत पुढे येईल.

पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर जे येतं, त्याच्या रचनेबद्दल पत्त्यांचं प्रमाणपत्रक, म्हणजे २००५ सालचं आरएफसी ३९८६, फारसं बोलतच नाही. तिथे काही अक्षरं येऊ शकतात, एवढंच ते सांगतं. 'नाव=किंमत' आणि मध्ये '&' ही पद्धत एचटीएमएलच्या फॉर्ममधून आली. त्यामुळे बराबरीचं चिन्हच नसलेल्या 'शोध?मजला' अशा पत्त्याचं काय करायचं, यावर वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळी मतं बनवली. आजच्या ब्राउझरांचं प्रमाण सांगतं की 'मजला' आणि 'मजला=' हे दोन्ही एकच, म्हणजे नाव आहे आणि किंमत कोरी. रुबीच्या जगातलं रॅक मात्र चिन्ह नसेल तर 'निल' आणि चिन्ह असेल तर कोरी अक्षरमाळ देत आलं आहे. जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये तर नुसता 'मजला' आला तर तो नाव न धरता किंमत धरला जातो, आणि नावाच्या जागी नल येतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी डीबगर बंद करून पुन्हा उघडला होता.

आता, हे कोरे नि गायब पॅरामीटर येतात कुठून? बहुतेकांना वाटतं, कुणीतरी खोडसाळ माणूस पत्ता हाताने मोडतोडून पाठवतो. तसे असतातही, पण मोठा पुरवठादार आपलाच फॉर्म आहे. मजकुराची चौकट कोरी ठेवून बटण दाबलं तर ती 'नाव=' अशी कोरी येते. चेकबॉक्सवर खूण केली नाही तर तो येतच नाही. कोरा नाही, साफ गैरहजर. रेडिओ बटणांपैकी एकही दाबलं नाही तरी तेच. डिसेबल केलेली चौकट आणि नाव न दिलेली चौकट याही येत नाहीत. म्हणजे एकाच फॉर्ममधून, एकाच क्लिकवर, काही उत्तरं कोरी आणि काही गैरहजर येणार हे ठरलेलंच आहे. 'पार्किंग हवं' या चेकबॉक्सची खूण काढलेला माणूस आणि जुन्या लिंकवरून आलेला, ज्याने तो चेकबॉक्स कधी पाहिलाच नाही तो माणूस, हे दोघं सर्व्हरला अगदी सारखे दिसतात. हा फरक तुम्हाला महत्त्वाचा असेल, तर चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाची, शून्य किंमत असलेली एक लपवलेली चौकट ठेवायची जुनी युक्ती आहे. रेल्स तर फॉर्म तयार करताना हे आपणहून करतं.

दुसरा पुरवठादार म्हणजे आपणच जावास्क्रिप्टमध्ये जोडलेल्या लिंका. शहर अजून ठरलेलं नाही आणि आपण 'शहर=' पुढे ते चल चिकटवलं, की पत्त्यात अक्षरशः 'शहर=अनडिफाइन्ड' जातं, रोमन लिपीतल्या नऊ अक्षरांत. यूआरएल-सर्च-पॅरॅम्सला अनडिफाइन्ड किंवा नल दिलं तरी तो निमूटपणे त्यांची अक्षरं करून पाठवतो. सर्व्हरच्या बाजूला हे ना गैरहजर, ना कोरं; ती चांगली भरलेली किंमत आहे. मग शोधाचं पान 'अनडिफाइन्ड या शहरात एकही घर नाही' असं प्रामाणिकपणे सांगतं. यावर सर्व्हरमध्ये 'अनडिफाइन्ड आलं तर कोरं समज' अशी ओळ घालायचा मोह होतो. घालू नका. लिंक जिथे तयार होते तिथेच किंमत नसलेलं नाव गाळा, नाहीतर ती ओळ पुढच्या दहा पानांत नकलून जाईल.

तिसरा प्रकार '&' चा. कुणी 'चहा & नाश्ता' असं शोधलं आणि तुम्ही ते सांकेतिक (एन्कोड) न करता तसंच पत्त्यात जोडलं, तर शोध होतो नुसता चहाचा, आणि नाश्ता नावाचं एक नवंच कोरं पॅरामीटर जन्माला येतं. लॉगमध्ये अशी अनोळखी कोरी नावं दिसू लागली की आधी आपल्याच लिंका तपासा.

सर्व्हरवर हे सगळं पोचलं की भाषांचे स्वभाव सुरू होतात. जावाच्या सर्व्हलेटमध्ये न आलेल्याला नल आणि कोऱ्याला कोरी अक्षरमाळ मिळते, सरळ व्यवहार. ब्राउझरमधल्या यूआरएल-सर्च-पॅरॅम्सचं 'गेट'ही असंच वागतं आणि नुसतं आलं का हे विचारायला 'हॅज' आहे. गोमधलं 'गेट' मात्र दोन्हींना कोरी अक्षरमाळ देतं, फरक पुसूनच टाकतं; आवृत्ती १.१७ मध्ये २०२१ साली 'हॅज' आलं, तोवर मॅपमध्ये हात घालून बघावं लागे. पायथनच्या प्रमाण ग्रंथालयातलं 'पार्स-क्यूएस' त्याहून पुढे जातं. कोरी किंमत असलेलं नाव ते मुळात ठेवतच नाही, 'कोऱ्या किमती ठेव' असं वेगळं सांगावं लागतं. पीएचपीत न आलेल्या नावाला थेट हात घातला तर पूर्वी नुसती नोटीस यायची आणि बहुतेक जण ती बंद करून ठेवत. २०२० च्या आठव्या आवृत्तीपासून तिची वॉर्निंग झाली, आणि कित्येक जुन्या पानांच्या कपाळी एकदम मजकूर उमटला.

खरी फसगत होते ती डीफॉल्ट किमतीत. 'पान आलं नाही तर १ धर' असं जँगोत लिहिलं आणि पत्त्यात 'पान=' आलं, तर तुम्हाला १ मिळत नाही, कोरी अक्षरमाळ मिळते, कारण पॅरामीटर आलंय ना! पुढच्याच ओळीत तिचा आकडा करायला गेलात की कोड फुटला. स्प्रिंगमध्ये तोच डीफॉल्ट न आलेल्यालाही लागू होतो आणि कोऱ्यालाही. फ्लास्कमध्ये डीफॉल्टसोबत 'हा पूर्णांक आहे' असं सांगितलं, तर कोरं आलं, 'अबक' आलं, काहीही आकडा न होणारं आलं, तरी निमूट डीफॉल्ट मिळतो. यातला कुठला बरोबर, हा प्रश्नच चुकीचा. पानाच्या क्रमांकाला फ्लास्कची उदारता ठीक आहे. पैशाच्या रकमेला मुळीच नाही. एका चौकटीवरून दुसरीवर जाणाऱ्यांनी निदान एवढं एक करून बघावं: डीफॉल्ट लावलेल्या प्रत्येक पॅरामीटरला एकदा कोरं पाठवावं.

जावास्क्रिप्टमध्ये हाच पेच दोन चिन्हांत दडलेला आहे. दोन उभ्या रेघा (||) कोरं आलं तरी डीफॉल्ट देतात, दोन प्रश्नचिन्हं (??) फक्त नल किंवा अनडिफाइन्ड असेल तरच. 'नवीन चिन्ह ते चांगलं' म्हणून सगळीकडे रेघा काढून प्रश्नचिन्हं लावत सुटलेले मी पाहिले आहेत. मग 'शहर=' आलं की शहर कोरंच राहतं आणि यादी रिकामी. आणि रेघांचा तोटा आमच्या आजींसारखाच: पत्त्यातलं '०' अक्षर म्हणून खरं मानलं जातं, पण एकदा त्याचा आकडा केला की ते खोटं होतं आणि तळमजला पुन्हा गायब.

आकडा करण्यावरून आठवलं. जावास्क्रिप्टचं 'नंबर' कोऱ्या अक्षरमाळेचा शून्य करतं. नलचाही शून्य. अनडिफाइन्डचं मात्र 'नॅन'. म्हणजे 'सूट=' असं कोरं आलं तर सूट शून्य झाली, चालून गेलं; पण 'किंमत=' कोरं आलं तर वस्तू फुकट. पार्स-इंट कोऱ्याला नॅन देतं, म्हणून निदान आरडाओरडा तरी होतो. माझा शिरस्ता असा की आधी कोरं आहे का ते विचारायचं, मग सगळी अक्षरं आकडेच आहेत का ते बघायचं, आणि त्यानंतरच आकडा करायचा.

इथे देवनागरी आकडे येतात. मराठी कीबोर्ड चालू असलेल्या माणसाने चौकटीत '१२' लिहिलं, तर पायथनचं 'इंट' आणि जावाचं 'पार्स-इंट' दोघंही त्याचे बिनतक्रार बारा करतात. जावास्क्रिप्ट नॅन म्हणतं. गो चूक देतं. आणि पीएचपीत पूर्णांक करायला गेलं तर गुपचूप शून्य! म्हणजे भरलेली किंमत तुमच्या हातात येईपर्यंत शून्य होऊन बसते. मराठी वाचकांसाठी पान करत असाल, तर देवनागरी आकडे आधी इंग्रजीत बदलून घेणारी दोन ओळींची तजवीज करा. ती प्रत्येक चौकट तुमच्यासाठी करून ठेवतेच असं नाही.

कोरं दिसणारं पण कोरं नसलेलं, हा आणखी एक चकवा. कुणी चौकटीत नुसती स्पेस मारून शोधलं की पत्त्यात '+' किंवा '%२०' येतं. कडेच्या मोकळ्या जागा छाटा आणि मगच कोरं आहे का विचारा, हे सगळे सांगतात. पण छाटणारी कात्री सगळीकडे एकसारखी नसते. पीएचपीची साधी 'ट्रिम' न तुटणारी स्पेस छाटत नाही, जावास्क्रिप्टची आणि पायथनची छाटते. आणि शून्य रुंदीचं जोडचिन्ह यांपैकी कुणीच छाटत नाही. तेच चिन्ह आपण 'दऱ्या'तला र्‍य लिहायला वापरतो, म्हणून ते सरसकट काढूनही टाकता येत नाही. टोकाला एकटंच पडलेलं असेल तर काढा, शब्दाच्या मध्ये असेल तर हात लावू नका. जाता जाता, 'पुणे' हा चार चिन्हांचा शब्द पत्त्यात सांकेतिक होऊन जातो तेव्हा छत्तीस अक्षरांचा होतो. असा पत्ता कुणी हाताने कापून चिकटवला की शेपूट तुटायला, आणि शेवटचं पॅरामीटर गैरहजर व्हायला, वेळ लागत नाही.

मग ठरवायचं काय? मी आता नवं पान लिहायला घेतलं की कोडला हात लावण्याआधी प्रत्येक पॅरामीटरपुढे दोन प्रश्न लिहितो: आलंच नाही तर काय, आणि कोरं आलं तर काय. बहुतेकांची उत्तरं अर्ध्या मिनिटात लिहून होतात. शहर, मजला, खोल्या असल्या गाळण्यांना दोन्हींचा अर्थ 'अट नको' असा एकच. क्रमवारी आणि पान यांना दोन्हींकडे डीफॉल्ट. वेळ घालवावा लागतो तो उरलेल्यांवर. सदस्य क्रमांक नसेल तर पान दाखवायचंच नाही, ४०० देऊन कुठलं पॅरामीटर राहिलं ते नावानिशी सांगायचं. नुसतं 'चुकीची विनंती' म्हणून कुणाचंच भलं होत नाही. क्रमांक नीट आला पण तसा सदस्यच नाही, तर ४०४. हे दोन गोंधळवले की दुसऱ्या टोकाचा प्रोग्रामर दिवसभर नसलेला सदस्य शोधत बसतो.

माहिती बदलणाऱ्या विनंत्यांत तर गैरहजर आणि कोरं यांचे अर्थ उलटे होतात. फोन क्रमांक पाठवलाच नाही, म्हणजे आहे तो राहू दे. कोरा पाठवला, म्हणजे पुसून टाक. इथे दोन्ही एकच मानले, तर एकतर कुणाला आपला जुना क्रमांक काढता येत नाही, किंवा पत्ता बदलणाऱ्याचा फोन उडतो. मी दोन्ही पाहिलंय. आणि माहिती ओरॅकलमध्ये ठेवत असाल तर तिथे कोरी अक्षरमाळ आणि नल एकच समजले जातात, तेव्हा हा फरक तिथे पोचायच्या आतच निकालात काढा.

आता धोक्याची जागा. पासवर्ड बदलायच्या लिंकमध्ये टोकन असतं. ज्यांनी पासवर्ड बदलायला मागितलाच नाही, त्यांच्या टोकनचा रकाना कोरा असतो. आता कुणी 'टोकन=' अशी कोरी लिंक उघडली आणि तुम्ही सरळ 'हे टोकन असलेला सदस्य आण' म्हणालात, तर कोऱ्याला कोरं जुळतं आणि यादीतल्या पहिल्याच सदस्याचं दार उघडतं. 'नल नसेल तरच पुढे जा' एवढी कडी पुरत नाही. २०१२ साली रेल्समध्ये हेच उघडकीला आलं होतं: नल ऐवजी आत नल असलेली यादी पाठवली, की 'नल आहे का' या प्रश्नाला उत्तर 'नाही' येई, पण डेटाबेसकडे जाणारा प्रश्न मात्र 'ज्यांचं टोकन नल आहे ते आण' असाच बने. टोकन अक्षरमाळच आहे का, तिची लांबी ठरल्याएवढी आहे का, हे बघितल्याशिवाय ते डेटाबेसपर्यंत जाऊच देऊ नका.

पुसण्याच्या विनंतीत तर अट गळणं म्हणजे सगळंच गळणं. प्रिझ्मासारख्या साधनात अटीची किंमत अनडिफाइन्ड असेल तर ती अट नाहीच असं समजलं जातं. शोधताना ही सोय आहे. 'या सदस्याच्या नोंदी पुस' म्हणताना सदस्य क्रमांक आला नसेल, तर सगळ्यांच्याच नोंदी पुसल्या जातात. गाळणीला जो नियम लावला तो पुसण्याला लावू नका. तिथे न आलेलं, कोरं आणि न कळलेलं, तिन्हींना एकच उत्तर: नकार.

हे सगळं तपासणं कोडभर पसरवू नये. विनंती आत आली की उंबऱ्यातच एका जागी तिचे सगळे पॅरामीटर घ्यावेत, छाटावेत, कोऱ्यांचा अर्थ लावावा, आकड्यांचे आकडे करावेत, आणि आतल्या खोल्यांना फक्त तयार गोष्टी द्याव्यात. आतल्या कोडला 'हे पत्त्यातून आलंय' हे कळायचंही कारण नाही. तिथेच एका नावाच्या दोन किमतींचाही निकाल लावा. 'शहर=पुणे&शहर=' असं आलं तर पीएचपी आणि जँगो शेवटची, म्हणजे कोरी किंमत धरतात; सर्व्हलेट आणि फ्लास्क पहिली धरतात; एक्सप्रेस दोन्हींची यादी हातात ठेवतं. पीएचपीला 'शहर[]=पुणे' पाठवलं तर तिथेही यादी येते, आणि आठव्या आवृत्तीत यादीवर ट्रिम चालवलं की पान पडतं. लॉगमध्ये असे पत्ते दिसले की समजावं, कुणीतरी कड्याकुलपं हलवून बघतंय.

बाहेर जाणाऱ्या लिंकांत कोरी नावं ठेवू नका. 'शहर=&मजला=&खोल्या=२' आणि 'खोल्या=२' या पत्त्यांवर तुमचं पान एकच दिसतं, पण मधल्या कॅशला आणि शोधयंत्रांना ती दोन वेगळी पानं वाटतात. फॉर्म पाठवण्याआधी कोऱ्या चौकटी डिसेबल करा, किंवा सर्व्हरवर कोरं दिसलं की स्वच्छ पत्त्याकडे वळवा. वळवताना आधी ३०२ वापरा, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चूक झाली असेल तर ती वाचकाच्या यंत्रात घर करून राहते.

तपासायला साधन लागत नाही, ब्राउझरची पत्त्याची पट्टी पुरते. पॅरामीटर काढून टाका. नाव ठेवून किंमत पुसा. बराबरीचं चिन्हही पुसा. नुसती स्पेस द्या. शून्य द्या. देवनागरी बारा द्या. तेच नाव दोनदा लिहा, मग चौकोनी कंसासह लिहा. दर वेळी पान काय म्हणतं ते बघा, आणि जे बरोबर ठरवलं ते चाचणीत लिहून ठेवा. लॉगमध्ये कुठलं पॅरामीटर राहिलं त्याचं नाव जरूर नोंदवा. टोकन असेल तर मात्र नावच, किंमत नको.